पंधराशेच्या आत बसणारा स्वॅम्पर्ट: दोन पोकेस्टॉपच्या गावातून ग्रेट लीगची तयारी

ज्या गावात पोकेस्टॉप (गेममध्ये बॉल आणि सामान मिळण्याची जागा) म्हणजे मारुतीचं देऊळ आणि जिल्हा परिषदेची शाळा एवढंच, तिथून पोकेमॉन गो हा फोनवरचा गेम खेळणाऱ्यानं त्यातल्या मास्टर लीग या लढतीच्या गटाच्या नादी लागू नये. तिथे सीपीला, म्हणजे पोकेमॉनच्या ताकदीच्या आकड्याला, मर्यादा नसते. एक पोकेमॉन लेव्हल १ वरून ४० वर न्यायला २,७०,००० स्टारडस्ट (गेममधलं चलन, पुढे नुसतं डस्ट) आणि ३०४ कँडी (त्या-त्या पोकेमॉनची वेगळी) लागतात, आणि तिथून ५० पर्यंत आणखी अडीच लाख डस्ट व २९६ एक्सएल कँडी. ग्रेट लीगमध्ये १५०० सीपीच्या वर कोणालाच जाता येत नाही. त्या मर्यादेत लढणारा तगडा पोकेमॉन पंचवीस हजार डस्टच्या आत उभा राहतो. खाली मडकिप या पाण्याच्या पोकेमॉनपासून त्याचं शेवटचं रूप, स्वॅम्पर्ट, करण्याचा हिशेब दिला आहे. पावसाळ्यात आपल्याकडे तो बांधून घ्यायला सोयीचा, आणि सगळ्या खर्चात स्वस्त.

आधी आयव्हीचा गोंधळ मिटवू. प्रत्येक पोकेमॉनला अटॅक, डिफेन्स आणि एचपी (जीव) असे तीन आयव्ही, म्हणजे जन्मजात गुण, असतात, प्रत्येकी ० ते १५. अप्रेझलमध्ये (गेममधल्या गुणतपासणीत) त्यांच्या तीन पट्ट्या दिसतात. एका पट्टीचे तीन तुकडे, एक तुकडा पाचचा. सीपी काढताना अटॅक पूर्ण धरला जातो, पण डिफेन्स आणि एचपीचं फक्त वर्गमूळ. म्हणजे अटॅक वाढला की सीपी भराभर वाढतो आणि १५०० ची भिंत लवकर लागते. म्हणून ग्रेट लीगसाठी अटॅकची पट्टी रिकामी आणि बाकी दोन भरलेल्या, असा नमुना चांगला. चार स्टार (तिन्ही पट्ट्या पूर्ण भरलेल्या) पाहून हरखून जाऊ नका.

पण हा फरक किती, तेही पाहा. ०/१५/१५ (अटॅक/डिफेन्स/एचपी) चा स्वॅम्पर्ट लेव्हल १८.५ ला १४६६ सीपीवर थांबतो. डिफेन्स सुमारे १०९, एचपी १३७. १५/१५/१५ चा स्वॅम्पर्ट लेव्हल १७.५ ला १४८७ वर थांबतो. डिफेन्स सुमारे १०६, एचपी १३४. तीन-तीन गुणांचा फरक, आणि त्या बदल्यात दुसऱ्याचा अटॅक पाचने जास्त. एवढ्यासाठी महिनोन्महिने ‘परफेक्ट’ मडकिपची वाट पाहत बसणं चूक आहे. टास्कमधून (पोकेस्टॉपवर मिळणाऱ्या कामातून) मिळालेला मडकिप लेव्हल १५ चा असतो आणि त्याचे तिन्ही आयव्ही किमान १० असतात. तोही खुशाल घ्या. सामना जिंकून देतात ते मूव्ह, म्हणजे मारण्याचे डाव.

कोणता मडकिप ठेवायचा

गेम लेव्हल सरळ दाखवत नाही, पण पॉवर अपच्या (एका वेळी अर्धी लेव्हल वाढवणाऱ्या) बटणाशेजारचा आकडा दाखवतो. एका पॉवर अपला १९०० डस्ट लागत असेल तर लेव्हल १५ ते १६.५, २२०० असेल तर १७ ते १८.५. आकडा २५०० दिसला की तो मडकिप स्वॅम्पर्ट होताना बहुतेक वेळा १५०० ओलांडतो. (शॅडो, लकी आणि प्युरिफाइड अशा खास प्रकारच्या पोकेमॉनचे आकडे वेगळे असतात, त्यांना हे माप लावू नका.) मडकिपचा सीपी स्वॅम्पर्ट होईपर्यंत साधारण पावणेतीन पट होतो, आयव्ही फार कमी असतील तर २.९ पटीपर्यंत जातो. म्हणून ५०० च्या आतला मडकिप कधीच दगा देत नाही.

इथे पावसाची एक खोच आहे. गेममध्ये पाऊस दिसत असला की पाणी, वीज आणि किडा या जातींना बूस्ट मिळतो: लेव्हल पाचने वाढते, तिन्ही आयव्ही किमान ४ होतात आणि पकडल्यावर १०० ऐवजी १२५ डस्ट मिळते. त्यामुळे पावसातले मडकिप कँडीसाठी उत्तम, पण त्यातले बरेच ग्रेट लीगसाठी मोठे निघतात. ठेवायचा मडकिप कोरड्या वेळचा निवडा. आभाळाकडे पाहून ठरवू नका, स्क्रीनच्या कोपऱ्यातलं चिन्ह पाहा. बाहेर ऊन आणि गेममध्ये पाऊस, असं होतं.

लेव्हल बरोबर पण आयव्ही अगदीच वाईट असतील तर ट्रेड (मित्राशी अदलाबदल) करा. ट्रेडमध्ये आयव्ही नव्यानं पडतात. मैत्री जितकी जुनी तितके किमान आयव्ही जास्त: गुड फ्रेंडला १, बेस्ट फ्रेंडला ५. कमी अटॅक हवा असेल तर नवा मित्रच बरा. दोघांनी शंभर मीटरच्या आत असावं लागतं, तेव्हा बाजाराचा दिवस गाठा. दोन पोकेमॉन पकडलेल्या जागांमध्ये १०० किलोमीटरहून जास्त अंतर असेल तर ट्रेडमागे तीन कँडी मिळतात. पुण्या-मुंबईहून सणाला येणारा भाऊ यासाठी फार कामाचा.

कँडी आणि डस्टचा हिशेब

मडकिप ते मार्शटॉम्प (मधलं रूप) २५ कँडी, मार्शटॉम्प ते स्वॅम्पर्ट १००, दुसऱ्या चार्ज मूव्हला (ऊर्जा साठवून मारायचा मोठा डाव) २५, आणि लेव्हल १५ वरून १८.५ वर नेणाऱ्या सात पॉवर अपना १४. एकूण १६४. पिनॅप बेरी (दुप्पट कँडी देणारं फळ) देऊन पकडला तर ६ कँडी आणि मग प्रोफेसरकडे पाठवला (म्हणजे आपल्याकडून काढून टाकला) की १. म्हणजे चोवीस मडकिप. बडी (सोबत चालणारा पोकेमॉन) म्हणून चालवलं तर ३ किलोमीटरला एक कँडी, त्यामुळे बडीवर सगळा भार टाकू नका, ती वरकड मिळकत समजा. अॅडव्हेंचर सिंक (गेम बंद असतानाही चाल मोजणारी सोय) चालू ठेवा. वावरात जाताना-येताना फोन खिशात असला तरी पावलं मोजली जातात. एस.टी.तलं अंतर धरलं जात नाही. ताशी साधारण साडेदहा किलोमीटरच्या खालीच मोजणी होते, त्यामुळे गेम उघडा असेल तर बंडीवरचा प्रवास मोजला जातो.

डस्ट: सात पॉवर अपना १४,२०० आणि दुसऱ्या चार्ज मूव्हला १०,०००, मिळून २४,२००. दुसरा मूव्ह एवढा स्वस्त आहे तो मडकिप स्टार्टर (मूळ खेळात सुरुवातीला निवडायला मिळणाऱ्यांपैकी) असल्यामुळे. इतर बऱ्याच पोकेमॉनना हाच ५०,००० ते १,००,००० पर्यंत पडतो. ही रक्कम साध्या पोकेमॉनमधून जमवायची तर २४२ पकडावे लागतील. श्रूमिश आणि फूंगस हे पोकेमॉन पाचशे देतात, ट्रबिश साडेसातशे. हे दिसले की आधी त्यांच्यामागे जा. स्टार पीस अर्ध्या तासासाठी डस्ट दीडपट करतो, तो एकट्या पोकेमॉनसाठी वाया घालवू नका.

गावात पोकेमॉन उगवतातच कमी, म्हणून डेली अॅडव्हेंचर इन्सेन्स (पोकेमॉन बोलावणारा धूप) रोज वापरा. तो फुकट असतो, पंधरा मिनिटं टिकतो आणि चालत राहिलात तरच नीट काम करतो. पांदण रस्ता धरा आणि थांबू नका. नवतप्यात हे काम पहाटे पाच ते सातमध्येच उरका. नंतर फोन तापतो, जीपीएस भरकटतं. रात्री धुऱ्यानं फिरू नका: सापाचं भय आहेच, शिवाय रानडुकरांसाठी सोडलेली वीजतार स्क्रीनच्या उजेडात दिसत नाही. बॉल कमी पडत असतील तर शहरातल्या ओळखीच्यांना फ्रेंड करून रोज गिफ्ट मागवा.

इव्हॉल्व आणि मूव्ह

स्वॅम्पर्टला फास्ट मूव्ह (सतत मारायचा छोटा डाव) मड शॉट हवा. त्याच्याकडे फास्ट मूव्ह दोनच, वॉटर गन आणि मड शॉट. चुकीचा आला तर एक फास्ट टीएम (मूव्ह बदलणारी वस्तू) पुरतो. चार्ज मूव्ह हायड्रो कॅनन आणि अर्थक्वेक. हायड्रो कॅनन जुलै २०१९ च्या कम्युनिटी डे या इव्हेंटला पहिल्यांदा मिळाला. एरवी कोणत्याही दिवशी इव्हॉल्व केलं (पुढच्या रूपात नेलं) तर तो येत नाही, आणि मग एलिट चार्ज टीएम मोडावा लागतो. म्हणून कँडी जमली तरी हात आवरा, तो मूव्ह देणारा इव्हेंट लागला की त्याच वेळात इव्हॉल्व करा. आधी इव्हॉल्व, पॉवर अप नंतर. सीपी डोळ्यांसमोर दिसतो, अंदाज चुकत नाही.

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं ते साध्या चार्ज टीएममुळे. हायड्रो कॅनन असलेल्या स्वॅम्पर्टवर तो वापरून मूव्ह गेला, तर साध्या टीएमनं परत येत नाही. दुसरा मूव्ह आधी डस्ट देऊन उघडा. तो अर्थक्वेक नसेल तर त्या दुसऱ्या जागेवरच टीएम लावा, जागा निवडताना दोनदा पाहा.

शॅडो स्वॅम्पर्ट (टीम रॉकेट या गेममधल्या खलनायकांकडून सोडवलेला) वीस टक्के जास्त मारतो, पण मारही तितकाच जास्त खातो, आणि पॉवर अपला १.२ पट खर्च येतो. त्याचा फ्रस्ट्रेशन हा कमजोर मूव्ह ठरावीक रॉकेट इव्हेंटमध्येच काढता येतो. पहिल्याच स्वॅम्पर्टसाठी हा मार्ग नको.

स्वॅम्पर्ट पाणी आणि जमीन अशा दुहेरी जातीचा, म्हणून गवताचा मूव्ह त्याला १.६ गुणिले १.६, म्हणजे २.५६ पट लागतो. समोर गवत जातीचा दिसला की लगेच बदला. टीममध्ये टॅलनफ्लेमसारखा आग आणि उडणाऱ्या जातीचा साथी असू द्या. शिल्ड (समोरचा चार्ज मूव्ह अडवणारी ढाल) दोनच मिळतात. समोरच्याच्या हायड्रो कॅननसारख्या लवकर भरणाऱ्या हलक्या मूव्हवर दोन्ही उधळू नका.

शेवटच्या क्षणी पोकेमॉन लीगमध्ये बसत नाही असं दिसलं, तर बडी तपासा. बेस्ट बडी झालेला पोकेमॉन बडी असेपर्यंत एक लेव्हल वर चढतो. १४६६ चा स्वॅम्पर्ट त्यानं १५०० पलीकडे जातो. दुसरा बडी लावला की तो परत आत येतो. आणि लढत लावण्याआधी गच्चीवर किंवा जिथे नेटवर्कच्या दांड्या पडत नाहीत तिथे बसा. मध्येच नेट गेलं तर समोरचा थांबत नाही.