आर्थिक जटिलता शिकताय? आधी सहा आकडी कोड नीट वाचा

न्हावा शेवा बंदरामुळे या विषयाचा अर्धा अभ्यासक्रम नवी मुंबईच्या रस्त्यावरच सांडलेला आहे. उरणच्या वाटेवर कंटेनरची रांग, बेलापूर-वाशीत सीएचएंची, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटांची ऑफिसं, ऐरोली-महाप्यात डेटाच्या नोकऱ्या. त्यामुळे इथली मुलं आर्थिक जटिलतेकडे, म्हणजे देश कोणता माल निर्यात करतो त्यावरून त्याची कुवत मोजण्याकडे, दोन टोकांकडून येतात. कुणी शिपिंग बिलाची (निर्यातीच्या कस्टम्स कागदाची) चेकलिस्ट बनवता बनवता, तर कुणी एमएच्या प्रबंधासाठी पायथन उघडून. पहिल्यांना गणिताची धास्ती असते, दुसऱ्यांना कशाचीच नसते. माझ्या मते जास्त धोका दुसऱ्यांना आहे.

गणित खरंच थोडं आहे. देशाच्या निर्यातीतला एका मालाचा वाटा भागिले जगाच्या निर्यातीतला त्याच मालाचा वाटा, हा बेला बलासा यांनी 1965 मध्ये मांडलेला आरसीए, म्हणजे त्या मालातली देशाची तुलनात्मक सरशी. ओळीत देश आणि रकान्यात माल असा तक्ता करा; आरसीए 1 किंवा जास्त असेल तर त्यात 1 लिहा, नाहीतर 0. आडवी बेरीज म्हणजे देशाचं वैविध्य, उभी बेरीज म्हणजे तो माल किती देशांना जमतो. सेसार हिदाल्गो आणि रिकार्डो हाउसमन यांनी 2009 मध्ये या दोन बेरजा एकमेकींतून पुन्हा पुन्हा गाळून काढायची रीत दाखवली. आज तेच काम या तक्त्यावरून बनवलेल्या मॅट्रिक्सचा दुसरा आयगेन व्हेक्टर काढून होतं. ही आकड्यांची एक यादी असते, तिच्यात प्रत्येक देशाचा जटिलतेचा गुण मिळतो. दुसरा का, तर पहिल्यात सगळ्या देशांना एकच किंमत मिळते. उत्तराचं चिन्ह कसंही येऊ शकतं, म्हणून ते वैविध्याशी ताडून बघा. जपान तळाला गेलेला दिसला तर सगळ्याला -1 ने गुणा. दहा लाखांहून कमी लोकसंख्येचे आणि एक अब्ज डॉलरहून कमी व्यापाराचे देश आधीच वगळा, नाहीतर एखादं चिमुकलं बेट एका बोटीच्या पुनर्निर्यातीवर वर चढून बसतं. दोन रविवारांचं काम आहे हे. घाबरू नका.

आता जिथे खरोखर दात पडतात ते बघू. एचएस कोड, म्हणजे जगभर मालाच्या वर्गीकरणासाठी वापरले जाणारे सहा आकडी क्रमांक, 1988 पासून लागू आहेत आणि ते स्थिर नाहीत. 1996, 2002, 2007, 2012, 2017 आणि 2022 अशा सहा वेळा जागतिक सीमाशुल्क संघटनेने ते बदलले. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याचा अर्थ मात्र चार्ट बिघडल्यावर कळतो.

मोबाइल घ्या. 2017 च्या यादीत सगळे सेल्युलर फोन 851712 मध्ये होते. 2022 च्या यादीत तो कोड गेला. स्मार्टफोन 851713 मध्ये आणि बाकीचे फोन 851714 मध्ये आले. 851713 ची मालिका काढली तर 2021 पर्यंत शून्य आणि 2022 मध्ये आभाळाला भिडलेली रेघ दिसते, आणि नवखा माणूस त्याखाली 'भारताची स्मार्टफोन क्रांती' असा मथळा टाकून मोकळा होतो. भारताची फोन-निर्यात वाढली हे खरंच आहे, पण ती उभी रेघ वाढीची नाही, नाव बदलल्याची आहे.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. हिचीच दुसरी बाजू दिसत नाही, म्हणून ती सावकाश सांगतो. नवी यादी सगळे देश एकाच दिवशी वापरायला लागत नाहीत. भारताने 1 जानेवारी 2022 ला ती लागू केली, पण त्याच वर्षाचे आकडे काही देशांनी जुन्या यादीत कळवले. कॉमट्रेड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-डेटाबेसवरून डेटा 'जसा कळवला तसा' उतरवला, तर एकाच वर्षात काही देश 851712 मध्ये आणि काही 851713 मध्ये. आता हिशेब करा. समजा, एका देशाची एकूण निर्यात 400 अब्ज, त्यात फोन 6 अब्ज. जगाची 20,000 अब्ज, त्यात फोन 500 अब्ज. वाटे 1.5 टक्के आणि 2.5 टक्के, आरसीए 0.6, तक्त्यात 0. पण जगाचे निम्मे फोन जुन्या कोडात अडकले, तर नव्या कोडात जगाचे फोन उरतात 250 अब्ज. जगाचा वाटा 1.25 टक्के, आरसीए 1.2, तक्त्यात 1. देशाने एक फोनही जास्त विकलेला नाही. शिवाय जुन्या कोडात अडकलेले देश या रकान्यात 0 दाखवतात, म्हणजे माल आहे त्याहून दुर्मिळ दिसतो. दुर्मिळपणावरच सगळी जटिलता उभी, त्यामुळे हा खोटेपणा इतर मालांच्या आणि देशांच्या गुणांतही झिरपतो. प्रोग्राम मात्र काही तक्रार करत नाही, नीटनेटकी क्रमवारी छापून देतो. मला अजूनही 851713 दिसलं की पोटात गोळा येतो.

उपाय सोपा आहे, कंटाळवाणा आहे. सगळी वर्षं एकाच जुन्या यादीत आणा. कॉमट्रेडमध्ये एच0 म्हणजे पहिली यादी, एच4 म्हणजे 2012, एच5 म्हणजे 2017, एच6 म्हणजे 2022. दहा वर्षांचा अभ्यास असेल तर एच4 घ्या. रूपांतर नेहमी नव्याकडून जुन्याकडे करा, कारण 851713 आणि 851714 यांची बेरीज करून 851712 मिळतं, पण 851712 फोडून स्मार्टफोन किती ते कुणीही सांगू शकत नाही. सौर पॅनलचंही तसंच: जुन्या 854140 मध्ये एलईडी आणि सोलर सेल एकत्र होते, 2022 मध्ये त्याचे 854141, 854142, 854143 आणि 854149 झाले. ड्रोनला 8806 हे नवं शीर्षक मिळालं, पण तो माल आधी विमानांच्या 8802 मध्येही होता आणि कॅमेऱ्यांच्या 8525 मध्येही. अशा ठिकाणी साधी बेरीज चालत नाही. ते कोड चार आकड्यांवर एकत्र करूनही सुटत नाहीत, म्हणून त्यांची वेगळी यादी ठेवा आणि टीपेत तसं लिहा. निर्यात-आयातीचे दोन देशांचे आकडे जुळवलेले हवे असतील तर फ्रान्सच्या सेपी (CEPII) या संशोधन संस्थेची 'बासी' (BACI) फाइल वापरा. ती प्रत्येक यादीसाठी वेगळी मिळते, दोन आवृत्त्या एकमेकींत मिसळू नका.

एक क्षुल्लक पण जीवघेणी गोष्ट: कोडचा रकाना मजकूर म्हणूनच उघडा. एक्सेल 080450 चं 80450 करतं, आणि पहिली नऊ प्रकरणं, म्हणजे जनावरांपासून फळं-मसाल्यांपर्यंतचा सगळा माल, जोडणीत गळून पडतो.

आणि हेच 080450 वाशीच्या एपीएमसीत जाऊन डोळ्यांनी बघून या. सहा आकड्यांत आंबा, पेरू आणि मँगोस्टीन एकाच टोपलीत आहेत. हापूसवर प्रबंध लिहायचा असेल तर भारताच्या आठ आकडी यादीत उतरावं लागेल, आणि आठ आकड्यांवर देशादेशांची तुलना होत नाही, कारण सहाच्या पुढे प्रत्येक देशाची यादी आपापली.

कोड काय सांगत नाही तेही थोडक्यात. सुरतेचा पैलू पाडलेला हिरा 710239 मध्ये पूर्ण किमतीने निर्यात होतो. त्यासाठी 710231 मधून आयात केलेला कच्चा हिरा या गणिताला दिसत नाही. न्हावा शेवाहून गेलेला माल नवी मुंबईचा नसतो, नाशिकची द्राक्षंही तिथूनच जातात. शिपिंग बिलात मूळ राज्य-जिल्ह्याचा वेगळा रकाना आहे, जिल्ह्याचा अभ्यास त्यावर करा. आणि ऐरोलीच्या आयटी पार्कमधलं काम कुठल्याच एचएस कोडात नाही. 2023-24 मध्ये भारताची मालनिर्यात सुमारे 437 अब्ज डॉलर होती, सेवानिर्यात सुमारे 341 अब्ज. केवळ मालावर काढलेल्या क्रमवारीवरून 'भारत मागास' असं लिहिणाऱ्याला हा दुसरा आकडा विचारा.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडवट आहे. आर आणि पायथनमध्ये आयगेन व्हेक्टर एका ओळीत काढणारी पॅकेजेस आहेत. वापरा, पण आधी पाच देश आणि सहा मालांचा तक्ता एक्सेलमध्ये हाताने सोडवा. 999 रुपयांत 'एक्स्पोर्ट डेटा एक्स्पर्ट' बनवणाऱ्या शनिवारच्या वेबिनारपेक्षा जी कार्डवर, म्हणजे कस्टम्सची परीक्षा देऊन मिळणाऱ्या सीएचएच्या माणसाच्या ओळखपत्रावर, पंधरा वर्षं काढलेल्या एखाद्या काकांसोबत दोन महिने बसणं कितीतरी मोलाचं. त्यांना आयगेन व्हेक्टर माहीत नसतो. पण एखादी वस्तू 8517 मध्ये का, 8525 मध्ये का नाही, हे ते प्रकरणाच्या टीपा आणि वर्गीकरणाचे सहा नियम उलगडून सांगतात. चहाचे पैसे तुम्ही द्या, प्रश्न लिहून न्या, आणि चेकलिस्ट बनवायची वेळ असते तेव्हा त्यांना त्रास देऊ नका.

ज्यांना मॅट्रिक्स पाहून धडधडतं त्यांनी नाउमेद होऊ नये. कोडची जाण वर्षानुवर्षांनी येते, मॅट्रिक्स पंधरवड्यात. मुलाखतीला क्रमवारीचा रंगीत नकाशा नेऊ नका, तो सगळेच नेतात. 854140 ची 2015 ते 2023 अशी एक मालिका न्या, एच4 मध्ये आणलेली, आणि खाली कुठल्या वर्षी कुठले चार कोड मिळवले ते लिहिलेलं. समोरचा माणूस जाणकार असेल तर तो आधी ती टीप वाचेल.