बोअरचं पाणी आणि इंजिनाचा बोअर: अँबेसिडरसाठी जुनं इसुझू इंजिन घेताना

मार्क-टू किंवा मार्क-थ्री अँबेसिडर पत्रा-रंग करून उभी राहिली की पुढचा विचार ओढीचाच येतो. मूळचं बीएमसी इंजिन १४८९ सीसीचं, पन्नासेक हॉर्सपॉवरचं आणि क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याला, तीनच मेन बेअरिंगा. गावात ठीक चालतं, पण चार माणसं बसवून कन्नडचा घाट चढायचा म्हटलं की दम लागतो. नव्वदच्या दशकात हिंदुस्तान मोटर्स कंपनीनेच या गाडीत इसुझूचं १८१७ सीसी पेट्रोल इंजिन पाचगिअरी बॉक्ससकट दिलं. ताकद पंचाहत्तर हॉर्सपॉवरच्या आसपास, वॉल्व्ह उघडणारा कॅम वर हेडमध्ये, मेन बेअरिंगा पाच. कॉन्टेसातही हेच इंजिन होतं. त्यामुळे जुन्या अँबेसिडरला पिकअप हवा असला की हात आधी याच इंजिनाकडे जातो, आणि बाजारात बऱ्याचदा ते ‘ट्यून केलेलं’, म्हणजे ताकद वाढवलेलं, म्हणून चढ्या भावाने मिळतं.

अँबेसिडरचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला. म्हणजे सगळ्यात तरुण इंजिनही आता दहा वर्षांच्या वरचं आहे. कुठलंही घ्या, ते कोणीतरी वापरून सोडलेलंच असणार. किती वापरलंय आणि कुठे झिजलंय एवढंच शोधायचं असतं.

फोनवरच दोन गोष्टी विचारून घ्या. एक, पेट्रोल की डिझेल? नुसतं ‘इसुझू’ म्हटलं तर अँबेसिडरमधलं १९९५ सीसीचं डिझेलही त्यातच येतं, आणि फेरी फुकट जाते. दोन, कार्ब्युरेटरचं की एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं)? एमपीएफआय असेल तर ईसीयू (तो कॉम्प्युटर), सगळे सेन्सर आणि न कापलेलं वायरिंग सोबत मिळणार का, ते आधी ठरवा. तुकड्यातुकड्याने जमवायला गेलात तर इंजिनापेक्षा वायरिंग महाग पडेल. गिअरबॉक्सही इंजिनासोबतच घ्या. बीएमसीचा चारगिअरी बॉक्स याच्या पाठीला बसत नाही.

इंजिन थंड हवं

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, ‘मी आल्यावरच चालू करायचं.’ पोचलात की ब्लॉकवर हात ठेवा. कोमट लागला तर चहा घ्या, तासभर थांबा. थंड स्टार्टला जे दिसतं ते गरम इंजिन झाकून टाकतं. सोबत कंप्रेशन गेज, व्हॅक्यूम गेज, ऑइल प्रेशरचं काट्याचं गेज, फीलर गेज, सरळ पट्टी, प्लग पाना, पांढरं फडकं आणि मोबाइलला जोडायचा ५.५ मिमीचा कॅमेरा घ्या. बॅटरी स्वतःची न्या. मेलेल्या बॅटरीवर घेतलेलं कंप्रेशन काहीच सांगत नाही.

सुरुवात पाण्यापासून करा. आपल्याकडे बोअर म्हटलं की आधी विंधनविहीरच आठवते, आणि मराठवाड्यात इंजिनाच्या बोअरची, म्हणजे पिस्टन चालतो त्या सिलिंडरच्या भोकाची, वाट लावते तीही तीच. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतलं की वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, चुन्याचा थर बसतो. पाणी फिरायला जागा उरत नाही आणि सगळ्यात मागचं सिलिंडर आधी तापतं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. बीड सोसतं, हेड वाकतं. थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या झडपेचं) झाकण उघडून आत टॉर्च मारा. पांढरट-पिवळा थर दिसला तर ब्लॉकच्या बाजूला ठोकलेला मागचा वॉटर प्लग काढायची परवानगी मागा आणि तारेने कुरतडून पाहा. तार दोन-तीन सेंटिमीटर आत जाऊन चिखलात रुतली तर ते इंजिन उघडून, ब्लॉक केमिकलच्या टाकीत बुडवून साफ केल्याशिवाय गाडीत बसवायचं नाही. तो खर्च भावातून आधीच वजा करा. थर्मोस्टॅटच काढून टाकलेला असेल तर समजा, इंजिन तापत होतं आणि मालकाने औषधाऐवजी जुगाड केला होता. प्लगच्या भोवती, हेडच्या कडेला किंवा ब्लॉकच्या बाजूला एम-सील किंवा वेल्डिंगची रेघ दिसली तर पुढची तपासणी करायचीही गरज नाही.

दुसरा संशय धुळीवर. एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, पांढरं फडकं फिरवा. बारीक माती लागली तर ती फिल्टर चुकवून आत गेली आहे. काळ्या रानातली ही धूळ तेलात मिसळून रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. अशा इंजिनात वरची रिंग आणि बोअरचा वरचा भाग झिजलेला निघतोच.

डिपस्टिक काढून तेल दोन बोटांत चोळा. फार जाड, चिकट वाटलं आणि गंधकासारखा उग्र वास आला तर त्यात ९० नंबरचं गिअर ऑइल मिसळलंय. धूर आणि ठोका दोन दिवस दाबून ठेवायचा हा जुना उपाय. सरळ म्हणा, ‘तेल बदलून चालवून दाखवा.’ नवं २०डब्ल्यू-५० तेल टाकायला विकणारा का-कू करत असेल तर उत्तर मिळालंच. ऑइल फिलरच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरा फेस असेल तर पाणी तेलात जातंय.

चालू केल्यावर

पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमागे एक माणूस उभा करा. पहिल्याच झटक्यात निळा धूर येऊन थांबला तर वॉल्व्ह सील गेले आहेत. ते स्वस्त काम. रेस वाढवताना निळा येतच राहिला तर रिंगा. पांढरी वाफ थंडीत दोन मिनिटं चालेल, पण मे महिन्यात दुपारी वाफ आली तर हेड पॅकिंगच (हेड आणि ब्लॉकमधली गॅस्केट) गेलेली. काळा धूर कार्ब्युरेटरचा, त्याची फार चिंता नको.

ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी काट्याचं गेज लावा. डॅशबोर्डचा दिवा प्रेशर अगदीच पडल्यावर पेटतो. इंजिन वीस मिनिटं चालून पूर्ण तापल्यावर, ८०० ते ८५० आरपीएमच्या आयडलला १५ पीएसआयच्या खाली गेलं तर बेअरिंगा किंवा ऑइल पंप झिजलाय. ३००० ला किमान ४० हवं. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत हे माप घेतलं तर उत्तमच, कारण तेव्हा झाकायला काही उरत नाही.

ठोका ऐकू आला तर एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड पक्कडीने काढत जा. कार्ब्युरेटरच्याच इंजिनात हा प्रयोग करा. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका कमी होतो, त्याची बिग एंड (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडते तिथली) बेअरिंग गेली. थंड असताना टकटक आणि गरम झाल्यावर गप्प, तर पिस्टन बोअरमध्ये ढिला आहे. घुमणारा, खोल, भार दिल्यावर वाढणारा आवाज मेन बेअरिंगचा. टॅपेटची किरकिर, म्हणजे वॉल्व्हची गॅप वाढल्याचा आवाज, कोणी ‘इंजिन गेलंय’ म्हणून भाव पाडायला वापरतं, पण फीलर गेजने अर्ध्या तासात ती बसते.

कंप्रेशन आणि ट्यून केलेल्या इंजिनाची गफलत

चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि एकेका प्लगच्या भोकात कंप्रेशन गेज लावून स्टार्टरने पाच-सहा फेरे द्या. चांगल्या इसुझूला १५० ते १७५ पीएसआय यायला हवं. मात्र संभाजीनगर, लातूर ही गावं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर आहेत. हवा विरळ असल्याने इथे मुंबईपेक्षा दहाएक पीएसआय कमी दिसणं साहजिक आहे. आकड्यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत पंधरा टक्क्यांवर फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा उसळला तर रिंगा-बोअर, तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा पॅकिंग. शेजारच्या दोन सिलिंडरांत एकसारखंच कमी असेल तर मधली पॅकिंग फाटली आहे.

इथे एक गंमत आहे आणि बरेच जण तिथे फसतात. इंजिनाची हवा ओढण्याची ताकद मोजणाऱ्या व्हॅक्यूम गेजचा काटा चांगल्या साध्या इंजिनात आयडलला पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो, आपल्या उंचीवर दोनेक इंच कमी. पण जास्त वेळ वॉल्व्ह उघडा ठेवणारा, म्हणजे ‘ट्यूनिंगचा’, कॅम टाकला असेल तर आयडलला काटा १२-१४ वर डुलतो आणि स्टार्टरवरचं कंप्रेशनही खाली येतं. झिजलेलं इंजिनही अगदी तसंच दाखवतं. विकणारा म्हणतो, ‘कॅम मोठा आहे म्हणून असं.’ खरं असेलही, खोटंही असेल. फैसला लीकडाउन टेस्टवर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजण्यावर.

त्यासाठी प्रत्येक सिलिंडर कंप्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणा, क्रँकचा बोल्ट लांब पान्याने घट्ट धरून ठेवा, नाहीतर हवा सोडताच क्रँक फिरून हात सापडेल. मग १०० पीएसआय हवा सोडून किती गळते ते पाहा. दहा टक्क्यांपर्यंत उत्तम, जुन्या इंजिनात वीसपर्यंत चालून जातं, तीसच्या वर गेलं तर उघडावंच लागेल. कान कार्ब्युरेटरला लावा: फुसफुस आली तर इनटेक वॉल्व्ह. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. ऑइल फिलरमधून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर पॅकिंग किंवा हेड. कॅम कितीही मोठा असो, टीडीसीला दोन्ही वॉल्व्ह बंदच असतात, त्यामुळे ही टेस्ट थापा ऐकून घेत नाही.

कॅम खरंच मोठा आहे का, हेही मोजून पाहता येतं. टॅपेट कव्हर काढा, वॉल्व्हच्या स्प्रिंगवरच्या कपावर डायल गेज टेकवा आणि क्रँक हाताने फिरवत आठही वॉल्व्हचा लिफ्ट (किती उघडतो ते) लिहून काढा आणि कंपनीच्या मूळ मापाशी ताडून पाहा. आठांत एखादा बाकीच्यांपेक्षा ०.२ मिमीने कमी असेल तर कॅमचा तो लोब (उंचवटा) घासलाय.

‘हेड घासून कंप्रेशन वाढवलंय’ असं म्हणत असतील तर किती, हे विचारा. बोअर ८४ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचा आवाका ४५४ सीसी. साडेआठ कंप्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते) असेल तर टीडीसीला वर उरणारी जागा साधारण ६०.५ सीसी असते, साडेनऊला ५३.५, आणि दहाला ५०.५. पिस्टन टीडीसीला आणून, दोन्ही वॉल्व्ह बंद ठेवून, प्लगच्या भोकातून सिरिंजने पातळ तेल किती मावतं ते मोजलं तरी अंदाज येतो. मात्र रिंगा गळक्या असतील तर आकडा जास्त येईल, म्हणून लगेच मोजा. साध्या पंपाच्या पेट्रोलवर, आपल्या उन्हाळ्यात साडेनऊच्या पुढचं इंजिन नकोच. प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर चमकणारे बारीक कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तो पिस्टन डिटोनेशनने, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकल्याने, खाल्लाय.

कॅमेरा प्लगच्या भोकातून सोडा. पिस्टनच्या डोक्यावर एसटीडी (मूळ माप), ०.५० किंवा १.०० (तितके मिमी मोठा) असा शिक्का वाचा. १.०० आधीच टाकलेला असेल तर पुढच्या कामाला स्लीव्ह (बोअरमध्ये नवी नळी) मारावी लागेल. बोअरवर उभे ओरखडे नसावेत, होनिंगच्या (बोअर घासून तयार करतानाच्या) तिरप्या रेषा दिसल्या तर आनंद. इंजिन उघडून बघायची मुभा मिळाली तर बोअर डायलने वरच्या कड्याखाली आणि खाली मोजा. फरक ०.१५ मिमीवर गेला तर रिंगा बदलून भागणार नाही, बोअर करावं लागेल. हेडवर पट्टी ठेवून ०.०५ मिमीचा फीलर घाला. तो शिरला नाही तर हेड ठीक, ०.१० शिरला तर फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं. चिकलठाणा, वाळूजच्या पट्ट्यात लेथ आणि ग्राइंडिंगची कामं होतात. अडचण सुट्या भागांची असते. ओव्हरसाइझ पिस्टन आणि बेअरिंगा हातात आल्याशिवाय ब्लॉकला कटर लावू देऊ नका.

जाम झालेलं इंजिन भंगाराच्या भावाने मागा. जालन्याच्या पोलाद भट्ट्यांमुळे आपल्याकडे भंगाराला गिऱ्हाईक कायम असतं, त्यामुळे फुकट कोणी देत नाही. पण सुटेल या आशेवर चालू इंजिनाचा भाव देऊ नका.

एलपीजीवर टॅक्सीत चाललेलं असेल तर एक्झॉस्ट वॉल्व्ह सीटमध्ये खाली बसलेले असू शकतात. टॅपेटची गॅप नेहमी कमीच होत जाते, ही त्याची खूण. आणि आता पंपावर ई-२० पेट्रोल आहे, तेव्हा फ्युएल पंपाचा डायफ्राम, पाइप आणि कार्ब्युरेटरचे सील नवे टाकायचेच असं धरून चाला.

कागद

इंजिन नंबर घासून पुन्हा ठोकलाय का, ते पाहा. अक्षरं वाकडी असतील किंवा पृष्ठभाग शेजारच्यापेक्षा गुळगुळीत असेल तर सौदा सोडा. पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून काढलेला ठसा) घ्या, मूळ गाडीच्या आरसीची प्रत घ्या, बिल घ्या. इंजिन बदलायचं तर आधी आपल्या आरटीओची, मग ती एमएच-२० असो की एमएच-२६, मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते. गाडी पन्नास वर्षांपुढची असेल तर एकदा थांबून विचार करा. २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेच्या व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात हवी, आणि इसुझू टाकलं की ती वाट बंद झाली असं धरायचं. अशा गाडीचं बीएमसी इंजिन विकू नका, ग्रीस लावून ठेवा.

नेताना तेल-पाणी काढा, कार्ब्युरेटरच्या आणि सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा, टेम्पोत जुन्या टायरवर उभं ठेवून चारी बाजूंनी बांधा. चेंबरवर (तळाच्या तेलाच्या टाकीवर) वजन येऊ देऊ नका, पत्रा दबला की ऑइलची जाळी तळाला टेकते. आणि टेम्पोत चढवल्यावर पेन्सिल प्रिंट काढून इंजिन नंबर पुन्हा जुळवा, मगच उरलेले पैसे द्या.