अंतराळातली बाग, १३ केबींत

गेम जॅमसाठी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत छोटा व्हिडिओ गेम बनवायच्या स्पर्धेसाठी, 'अंतराळात बागकाम' असा विषय डोक्यात आला, की बहुतेक जण परग्रहावरची बोलकी रोपं काढायला बसतात. मला वाटतं, खरी अंतराळातली बाग त्याहून कितीतरी विचित्र आहे. तिच्यातला एकच नियम उचला आणि सगळा खेळ त्यावर उभा करा. मी उचलला तो नियम असा: तिथे पाणी खाली पडत नाही.

पडत नाही म्हणून त्याचा गोळा होतो आणि पृष्ठताणामुळे तो मुळांना चिकटून बसतो. गोळा मोठा झाला की मुळांना हवा मिळेनाशी होते. डिसेंबर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या झिनिया या फुलझाडाच्या रोपांवर अशाच दमटपणाने बुरशी आली. पंखे वाढवले, तर रोपं सुकायला लागली. तेव्हा अंतराळवीर स्कॉट केलीने पाणी कधी द्यायचं हे रोपांकडे बघून स्वतः ठरवायची परवानगी मागितली. पृथ्वीवरून त्याला झिनियाच्या निगेची एक पानभर माहिती गेली, बाकी कारभार त्याच्याकडे. जानेवारी २०१६ मध्ये फूल आलं. पाण्याचा गोळा, पंखा, बुरशी आणि वेळापत्रकाऐवजी रोपाकडे बघणारा माळी: खेळाला आणखी काय लागतं?

जॅम कोणता घ्यायचा? नोकरी सांभाळून करणार असाल, तर मी जेएस१३के हा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या खेळांचा जॅम सुचवेन. २०१२ पासून दरवर्षी १३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर चालतो. मुख्य अट कडक: झिप केलेला खेळ १३ किलोबाइटमध्ये (केबी), म्हणजे १३,३१२ बाइटमध्ये बसला पाहिजे. विषय सुरुवातीलाच जाहीर होतो. २०२१ मध्ये तर तो 'अंतराळ' हाच होता. एवढ्याशा जागेत चित्रांच्या फाइली परवडत नाहीत, त्यामुळे सगळं कॅनव्हासवर, म्हणजे वेबपानातल्या चित्रफलकावर, जावास्क्रिप्ट कोडने रेखायचं. रोपांसाठी ही अडचण नाहीच, कारण कोडने काढलेलं रोप खरंच वाढवता येतं.

पहिल्या आठवड्यात एक रोप, एक गोळा, एक पंखा, बस. प्रत्येक रोपाला तीनच आकडे द्या: पाणी, बुरशी, वय. पाणी ० ते १ ठेवा. ०.३ ते ०.७ मध्ये असेल तर वय वाढतं, ०.७ च्या वर बुरशी चढते, ०.३ च्या खाली वाढ थांबते. पंख्याचा वारा लागला की पाणी आणि बुरशी दोन्ही उतरतात. एवढ्यात ओढाताण तयार होते.

गोळ्यांवर मात्र जीव ओता, कारण खेळणाऱ्याचा हात तिथेच रमतो. बोट किंवा माउस म्हणजे पंखा. तो जवळ आला की गोळा दूर ढकलला जातो आणि हवेत हळूहळू मंदावतो. मुळापासून ४० पिक्सेलच्या आत आला की मूळ त्याला ओढून घेतं. दोन गोळे भिडले की एक होतात. तेव्हा त्रिज्यांची बेरीज करू नका. दोन्ही त्रिज्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्या, म्हणजे पाणी तितकंच राहील आणि डोळ्याला खरं वाटेल. कडा किंचित थरथरत्या ठेवा. नुसते गोळे फुंकत बसावंसं वाटलं, की समजा पाया पक्का झाला.

खोड म्हणजे बिंदूंची यादी. वाढताना टोकाला नवा बिंदू जोडायचा आणि दिशा थोडी दिव्याकडे, थोडी यदृच्छेने वळवायची. वर-खाली काही नसल्याने ते खुशाल वाकडं जाऊ दे. दिवा हलवता आला, तर खेळणारा रोपाला वळण लावू शकतो.

आता माझा सगळ्यात ठाम आग्रह. रोपाच्या डोक्यावर पाण्याची पट्टी दाखवू नका. पट्टी दिसली की माणूस पट्टीच बघतो, रोप बघत नाही, आणि केलीची ती गोष्ट खेळातून निसटते. रोपानेच सांगितलं पाहिजे. माझ्या बाल्कनीत मेथी असते. तहानलेली मेथी आधी मान टाकते, रंग नंतर बदलतो. पाणी जास्त झालं तर खालची पानं आधी पिवळी पडतात. हाच क्रम कोडमध्ये आणा: कोरडेपणात पानाचा कोन झुकवा, दमटपणात खालच्या पानांचा रंग हिरव्याकडून पिवळ्याकडे सरकवा. बुरशी नुसत्या रंगाने दाखवू नका, तिला कापसासारखा आकार द्या. रंग नीट न ओळखणाऱ्यांनाही ती दिसली पाहिजे.

बिया कोणत्या? चवळी, मेथी, मूग. इस्रोने डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी६० रॉकेटवरून चवळीच्या आठ बिया पाठवल्या, त्या चार दिवसांत रुजल्या. २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावर मेथी आणि मूग रुजवले. म्हणून आठ कुंड्या ठेवा. स्थानक साधारण ९० मिनिटांत पृथ्वीची फेरी मारतं. खेळात ९० सेकंदांची एक फेरी धरा, उजेड-अंधार त्यावर चालवा. तीन फेऱ्यांत डाव संपवा, कारण मतं देणाऱ्यांपुढे शेकडो खेळ असतात.

मराठी मजकूर जरूर घाला. बाहेरून फॉन्ट मागवायला परवानगी नाही आणि देवनागरी फॉन्ट १३ केबींत मावायचा प्रश्नच नाही, तेव्हा यंत्रावर असलेल्या फॉन्टवर भिस्त ठेवा. अक्षरं एकेक करून उमटवायची हौस असेल तर सावध राहा: 'स्थानक' तुटून आधी पाय मोडलेला स दिसतो. ब्राउझरमधलं इंटल सेगमेंटर वापरा, ते मजकूर अख्ख्या अक्षरांत तोडतं, नाहीतर सरळ शब्दाशब्दाने उमटवा.

बाकी भराभर. टॅब मागे गेला की रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम, म्हणजे दर फ्रेमला चित्र रेखायला लावणारी ब्राउझरची सोय, थांबते आणि परतल्यावर एकदम मोठा काळ उडी मारतो. म्हणून दोन फ्रेममधला काळ ०.०५ सेकंदांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर चहा घेऊन येईपर्यंत बाग वाळेल. पहिल्या स्पर्शाआधी ब्राउझर आवाज वाजवू देत नाही, तेव्हा सुरुवातीला 'बी पेरा' असं बटण ठेवा आणि आवाज तिथून सुरू करा. आवाजांसाठी झेडझेडएफएक्स हे कोडनेच आवाज तयार करणारं साधन पुरतं, ते आकाराने अगदी लहान आहे. माउस आणि बोट दोन्हींसाठी पॉइंटर इव्हेंट्स वापरा आणि कॅनव्हासला टच-ॲक्शन नन ही सीएसएस शैली द्या, नाहीतर फोनवर वारा घालताना पानच सरकत राहतं.

शेवटचा आठवडा नवं काही घालायला नाही. कोड टर्सर या कोड लहान करणाऱ्या साधनाने आवळा, झिप करून बाइट मोजा, आणि हा खेळ कधीच न पाहिलेल्या कोणाच्या तरी हातात फोन द्या. तुम्ही काही सांगायचं नाही. पहिल्या फेरीत त्यांना पंख्याचा उपयोग कळला नाही, तर सूचना लिहू नका. पहिला गोळा मुळाच्या अगदी जवळ तरंगत ठेवा, बोट लागलं की तो हललाच पाहिजे. इंडेक्स डॉट एचटीएमएल झिपच्या सर्वात वरच्या पातळीवर आहे ना, ते पाहा आणि १२ तारखेलाच पाठवून टाका.