पक्ष्यांच्या ग्रुपातून माणसं उडून जातात, या चुका टाळा

नागपुरातल्या आमच्या पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा मी अॅडमिन आहे, आणि खरं सांगतो भाऊ, अंबाझरी तलावावर दुर्बीण घेऊन उभं राहायला मिळत नाही तेवढा वेळ लोकांचे रुसवे काढण्यात जातो. भांडणं दरवेळी तीच.

एका शब्दात चूक दाखवणं

ही चूक माझीच. एका नवीन काकांनी गोरेवाड्याहून फोटो टाकला, खाली लिहिलं "आजचा शिक्रा". मी ऑफिसच्या गडबडीत होतो, लिहिलं "पावशा." बस. पूर्णविरामासकट. आता शिक्रा शिकारी पक्षी आणि पावशा कोकिळेच्या कुळातला, पण दिसतोच शिक्र्यासारखा, राखाडी पाठ, पट्टेदार शेपटी, उडणंही तसंच, छोटे पक्षीसुद्धा घाबरून कल्ला करतात, तर माणसाचं काय घेऊन बसलात. चोच पाहायची. शिक्र्याची आकड्यासारखी वाकडी, पावशाची बरीचशी सरळ. हे सगळं मला माहीत होतं, पण टाइप केला एकच शब्द. रात्री साडेअकराला काकांचा मेसेज, "आम्हाला अक्कल नाही असं म्हणायचं आहे का?" त्याच्याखाली नेमका कोणाचा तरी हसणारा इमोजी पडला, जो वरच्या दुसऱ्याच जोकसाठी होता, आणि सकाळी पाहतो तर काका लेफ्ट.

फोन उचलेनात. शेवटी रविवारी तर्री पोहे बांधून घेतले आणि सरळ घरी गेलो. फोटो टीव्हीवर लावला, मोठा केला, मी काहीच बोललो नाही. काका चष्मा वर करून दोन मिनिटं पाहत राहिले आणि म्हणाले, "सरळच आहे ना बे चोच."

तेव्हापासून माझी सवय अशी, आधी फोटोबद्दल काहीतरी, मग कशावरून ओळखलं ते, नाव शेवटी. तीन ओळी लागतात. तेवढा वेळ नसेल तर संध्याकाळी लिहा, पावशा कुठं पळून नाही चालला.

"बे" सगळ्यांना झेपत नाही

आपल्याकडे "काय बे, दिसला का नवरंग?" हे प्रेमानं असतं. पुण्याच्या एका ताईंना एका पोरानं असंच विचारलं, त्यांनी मला पर्सनलवर लांबलचक तक्रार केली, पोरगा म्हणे "मी काय चुकीचं बोललो दादा?" दोघंही बरोबर. बाहेरगावचा नंबर दिसला की बे खिशात ठेवा.

"मर्लिन तर हेच सांगते"

हे नवशिक्यांचं आवडतं. मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या अॅपला धूसर फोटो द्यायचा, पहिलं येईल ते नाव चिकटवायचं आणि कोणी शंका काढली की अपमान झाला. अॅप मीही वापरतो, पण ते अंदाज सांगते. दोन पावसाळे झुडपात डोळे लावून बसा, मग भांडा. घाई कशाची करून राहिले?

ब्ल्यू टिक आली, उत्तर नाही, म्हणजे माणूस माजला असं नाही, तो गाडी चालवत असेल.

कोणाला उत्तर देताय तो मेसेज स्वाइप करून द्या. अर्धी भांडणं इथंच मिटतात.

रागात लिहिलंच, तर एडिट करायला 15 मिनिटं मिळतात. डिलीट करू नका, "मेसेज डिलीट केला" ही ओळ मागं राहते आणि लोक मनानं त्यात शिव्या भरतात.

घरट्याची जागा विचारणं

घुबडाच्या पिल्लांचा फोटो आला की दहा जण "लोकेशन?" विचारतात, नाही सांगितलं की "सिनियर लोकांना भाव चढला". अरे, घरट्यापाशी कॅमेऱ्यांची गर्दी झाली की मायबाप घरटं सोडून जाऊ शकतात, पिल्लं उपाशी राहतात, कावळ्यांना आयतं सापडतं. म्हणून सांगत नाही. मलाही सांगत नाहीत, मी अॅडमिन असून.