कोरडवाहू रब्बी ज्वारी : ओल धरण्यापासून कडबा रचण्यापर्यंत

रब्बी ज्वारीच्या वाट्याला पाऊस जवळजवळ येतच नाही. पेरणी होते तेव्हा पावसाळा ओसरत आलेला असतो आणि पुढचे चार महिने पीक जगते ते जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, जत किंवा जामखेड या भागांत ही ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली आहे ती याच ओलीच्या भरवशावर. म्हणून या पिकातले प्रत्येक काम करताना ‘याने ओल वाचते की जाते?’ हा एकच प्रश्न विचारावा. बहुतेक शंकांचे उत्तर त्यातच मिळते.

तयारी पेरणीच्या दीड महिना आधी सुरू होते. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात उताराला आडवे सारे (मातीचे छोटे वरंबे) पाडून बंदिस्त वाफे करावेत, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरचे पाणी बांधावरून वाहून न जाता जागच्या जागी मुरते. पावसाच्या उघडिपीत कुळवाच्या पाळ्या देऊन (वरची माती हलवणारे पात्याचे औजार फिरवून) तण काढत राहावे. पेरणीपूर्वीचे तण पिकाच्या वाटणीची ओल आधीच पिऊन टाकते. शेणखत घालायचे असेल तर पूर्ण कुजलेलेच घालावे आणि ते शेवटच्या पाळीपूर्वी मातीत मिसळावे.

वाणाची निवड शेजाऱ्याच्या शिवाराकडे पाहून करू नये, आपल्या जमिनीची खोली मोजून करावी. शेतात तीन-चार ठिकाणी खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे; एकाच गटात बांधालगत दीड फूट आणि ओढ्याकडे चार फूट माती निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. मुरूम ३० सेंटिमीटरच्या आत लागला तर जमीन हलकी समजावी आणि तेथे फुले अनुराधा किंवा फुले माउली पेरावी. ६० सेंटिमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, परभणी मोती किंवा मालदांडी ३५-१ चांगली येते. त्याहून खोल काळ्या रानात फुले वसुधा, फुले यशोदा असे उशिरा पक्व होणारे वाण घ्यावेत. मालदांडी ३५-१ ही मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेली जात आहे. तिच्यानंतर जास्त उत्पन्न देणारे वाण आले, तरी भाकरीची चव आणि गोड, पालेदार कडबा यांसाठी लोक अजून तिलाच धरून आहेत, आणि मला ते योग्य वाटते. ज्याच्या दावणीला जनावरे आहेत, त्याने वाणाचा हिशेब दाणा आणि कडबा मिळूनच मांडला पाहिजे.

पेरणीचा काळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. हलक्या जमिनीची ओल लवकर उडते, म्हणून तेथे आधी पेरावे. खोल रान थोडे थांबू शकते. पेरणी फार लांबली की दोन्हीकडून नुकसान होते, कारण वरची ओल खाली जाते आणि खोडमाशीही वाढते. ही माशी कोवळ्या रोपाच्या पानाखाली अंडी घालते, अळी पोंग्यात (रोपाच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) शिरते आणि मधला पोंगा वाळतो. असा पोंगा ओढला की अलगद हातात येतो आणि त्याच्या बुडाला कुजल्याचा वास येतो. वेळेवर पेरणी हा यावरचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे.

एकरी चार किलो बियाणे पुरते. काणी रोग (दाण्याच्या जागी काळी भुकटी धरणारा बुरशीचा रोग) टाळण्यासाठी पेरणीपूर्वी किलोमागे चार ग्रॅम ३०० मेश (अगदी बारीक पुडीचे) गंधक चोळावे आणि त्यानंतर ॲझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २५ ग्रॅम लावून बी सावलीत सुकवावे. दोन चाड्यांच्या (बी-खत सोडायच्या नरसाळ्यांच्या) पाभरीने, म्हणजे पेरणीच्या औजाराने, एका चाड्यातून खत आणि दुसऱ्यातून बी सोडावे. ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि बी पाच सेंटिमीटर खोल, ओलीत पडेल असे पाहावे. मध्यम जमिनीत एकरी सुमारे ३५ किलो युरिया आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट द्यावे, आणि ते सगळे पेरणीच्या वेळीच द्यावे, कारण नंतर कोरड्या मातीवर फेकलेला युरिया मुळांपर्यंत पोहोचत नाही.

उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. हिरवीगार रोपे उपटायला हात धजावत नाही आणि विरळणी राहून जाते. पण दाट पिकात ओल सगळ्यांना थोडी थोडी मिळते आणि दाणा भरण्याच्या वेळी कोणालाच पुरत नाही.

यानंतरचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे कोळपणी, म्हणजे ओळींमधून कोळपे हे औजार ओढून वरची माती हलवणे. पीक तीन आठवड्यांचे झाले की पहिली कोळपणी फटीच्या (पात्यात फट असलेल्या) कोळप्याने करावी, दुसरी पाच आठवड्यांनी पासेच्या (अखंड पात्याच्या) कोळप्याने आणि तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने. पहिल्या दोन कोळपण्यांत तण जाते आणि वरच्या मातीचा भुसभुशीत थर तयार होऊन खालची ओल झाकली जाते. तिसरी कोळपणी अनेकजण टाळतात, कारण तोवर रानात तण दिसत नाही. पण ती तणासाठी नसतेच. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंड, कोरड्या वाऱ्यात काळी जमीन तडकते, भेगांत हात जाईल एवढ्या त्या रुंदावतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी खोलवरची ओल उडू लागते. दातेरी कोळप्याने ओढलेली माती या भेगा बुजवते. ज्यांना शक्य आहे त्यांनी तूरकाट्यांचे किंवा काडीकचऱ्याचे आच्छादनही ओळींमध्ये पसरावे.

विहिरीत किंवा शेततळ्यात एका पाण्यापुरता साठा असेल, तर ते पाणी पीक पोटरीत असताना (कणीस अजून पानाच्या आवरणात असताना), म्हणजे ५० ते ५५ दिवसांनी द्यावे. दुसरे पाणी देता आले तर ते त्याआधी, २८ ते ३० दिवसांच्या सुमारास द्यावे. दाणे भरताना ओल तुटली की खडखड्या रोग येतो. ताटाचा बुडखा आतून पोकळ होतो, चिरून पाहिले तर धाग्यांवर बारीक काळी बुरशी दिसते आणि वाऱ्याच्या एका झोताने ताटे आडवी होतात. रोग दिसू लागल्यावर फवारणीने काही साधत नाही. दाट पेरणी आणि गरजेपेक्षा जास्त नत्र यांनी तो वाढतो, तर वेळेवरच्या कोळपण्यांनी तो आटोक्यात राहतो.

दाणा दुधात येताच पाखरांची राखण सुरू करावी. हुरड्यासाठी ज्वारी ठेवायची असेल तर गुळभेंडी किंवा फुले मधुर यांच्या चार ओळी वेगळ्या पेराव्यात. सगळ्या रानातली कोवळी कणसे मोडत बसू नये.

काढणीची वेळ पानांच्या रंगावरून ठरवू नये. कणसाच्या खालच्या भागातला एक दाणा काढून त्याचे टोक पाहावे. दाणा जेथे कणसाला चिकटलेला असतो तेथे काळा ठिपका दिसला की तो भरून पूर्ण झाला. कणीस वरून खाली पक्व होत जाते, म्हणून खालचाच दाणा पाहायचा. बहुतेक वाणांना ११५ ते १२५ दिवस लागतात.

आपल्याकडे ज्वारी कापण्यापेक्षा मुळासकट उपटण्याची रीत आहे, त्यामुळे कडबा पूर्ण लांबीचा मिळतो. हे काम पहाटे दहिवर (दव) असतानाच करावे. उन्हात पाने कडक होऊन झडतात आणि कडब्याचा जीव पानांतच असतो. उपटलेली ताटे आठ-दहा दिवस वाळू द्यावीत, मग कणसे खुडून खळ्यावर किंवा मळणी यंत्रात मळावीत. यंत्राचा वेग फार ठेवल्यास दाणा फुटतो, आणि फुटक्या दाण्याला कीड लवकर लागते. धान्य उफणून पुन्हा उन्हात वाळवावे. दाताखाली धरलेला दाणा दबला तर अजून ऊन हवे. कट्‌कन तुटला तरच तो साठवावा. ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आलेला असावा. ऊन दिलेले धान्य पूर्ण थंड झाल्यावरच कणगीत किंवा कोठीत भरावे, नाहीतर आत घाम धरून बुरशी येते. पेंढ्या बांधून कडब्याची गंज उंचवट्यावर रचावी, वरची बाजू उतरती ठेवावी आणि ती नीट शाकारावी, म्हणजे मार्च-एप्रिलच्या अवकाळी पावसाने कडबा काळा पडत नाही.