वाचन-आव्हान घ्यायचंय? आधी यादी पक्की करा

नवीन वर्ष लागलं की 'यंदा पन्नास पुस्तकं' असा संकल्प सोडणारे खूप भेटतात. माझा आग्रह वेगळा आहे. आकडा मागाहून ठरवा, आधी यादी पक्की करा. हौसेनं आणलेली, कुणी भेट दिलेली आणि तशीच राहून गेलेली पुस्तकं संपवायची असतील, तर नुसता आकडा कामाला येत नाही. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावरच्या वार्षिक आव्हानात कुठलंही पुस्तक चालतं. काल आणलेलं शंभर पानी पुस्तक एक, आणि कित्येक वर्षं कपाटात पडून असलेली जाडजूड कादंबरीही एकच. मग हात आपसूक पातळ पुस्तकाकडे जातो आणि कादंबरी जागची हलत नाही.

म्हणून 'माउंट टीबीआर'सारखं (टीबीआर म्हणजे 'टू बी रेड', वाचायची राहिलेली पुस्तकं) आव्हान मला फार आवडतं. त्यातली मुख्य अट अशी की पुस्तक 1 जानेवारीच्या आधीपासून तुमच्या मालकीचं हवं. वाचनालयातून आणलेलं धरायचं नाही. टप्प्यांना डोंगरांची नावं आहेत: 12 पुस्तकं म्हणजे पाइक्स पीक, 24 म्हणजे माँ ब्लाँ, 100 म्हणजे एव्हरेस्ट आणि 150 पासून ऑलिंपस मॉन्स, जो मंगळावर आहे! एकदा टप्पा निवडला की वर चढता येतं, खाली उतरता येत नाही. आणखी एका प्रकारात बारा महिन्यांसाठी 12 पुस्तकं आणि 2 राखीव अशी यादी आधीच जाहीर करायची, आणि प्रत्येक पुस्तक किमान वर्षभर घरात असलेलं हवं. पहिल्यांदा उतरणाऱ्याला मी हाच प्रकार सुचवते. दोन राखीव पुस्तकांमुळे एखादं अगदीच रटाळ निघालं तरी गाडी अडत नाही.

यादी करायला एक सुट्टीचा दिवस मोकळा ठेवा. न वाचलेली सगळी पुस्तकं जमिनीवर काढा. कपाटातली, उशाशी असलेली, पोटमाळ्यावरच्या खोक्यातली, सगळी. फोनमधली ई-पुस्तकं कागदावर लिहून काढा, नाहीतर ती हमखास सुटतात. मग एकेक हातात घेऊन कुठे अडलात ते बघा. माझ्याकडच्या एका आत्मचरित्रात खूण प्रस्तावनेच्या शेवटच्या पानाला होती. पुस्तक सुरूच झालेलं नव्हतं! चाळीस पानांची प्रस्तावना, तीही बारीक टायपात. मी सरळ पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली आणि प्रस्तावना शेवटी वाचली; तेव्हा तीही गोड लागली. तुमच्या ढिगातली बरीच पुस्तकं अशीच उंबरठ्यावर अडकलेली असतील. त्यांना यादीत पहिला मान द्या.

आता हिशेब. रोज 20 पानं म्हटली तर 300 पानांचं पुस्तक 15 दिवसांत होतं, म्हणजे वर्षाला 24. कागदावर हे फार सोपं दिसतं. पण आजारपण, पाहुणे, कामाचा रगाडा धरून त्याच्या निम्मंच ठरवा. 12 आले ते असे. जाड पुस्तकांची भीती वाटत असेल तर स्टोरीग्राफ या वाचनाची नोंद ठेवायच्या अ‍ॅपवर पुस्तकांऐवजी पानांचं उद्दिष्ट ठेवता येतं. तिथे सातशे पानांच्या ग्रंथाला त्याचं माप मिळतं, आणि मला तेच न्यायाचं वाटतं.

क्रम लावताना सगळ्यात जाड पुस्तक जानेवारीत घेऊ नका आणि डिसेंबरसाठीही ठेवू नका. दोन कथासंग्रह किंवा ललित लेखांची पुस्तकं हातावेगळी झाली की त्याला हात घाला. कविता मात्र या घाईतून वगळा. कवितासंग्रह यादीत असला तर वर्षभर शेजारी राहू द्या.

पुस्तक सोडून देण्याबद्दल स्पष्टच सांगते: सोडा. पन्नास पानं मन लावून वाचा. तरीही पुढचं पान उलटावंसं वाटलं नाही तर थांबा. 'माउंट टीबीआर'मध्ये असं सोडलेलं पुस्तक मोजता येतं, पण पुन्हा वाचायचा विचार नसेल आणि ते घराबाहेर जाणार असेल तरच. ही अट मला अतिशय शहाणपणाची वाटते. आपल्याला न रुचलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाला हवं असतं, त्याला ते मिळू द्या. परत कपाटात ठेवलंत तर ढीग होता तेवढाच राहतो.

नवीन खरेदी पूर्ण बंद करा असं मी कुणालाच सांगणार नाही. वाचणाऱ्या माणसाला ते जमत नाही आणि जमूही नये. यादीतली दोन संपली की एक आणायचं, एवढं पाळा. आणलेल्या पुस्तकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीनं तारीख घाला; पुढच्या वर्षीच्या यादीत ते बसतं की नाही, हे त्यावरून लगेच कळेल.

सप्टेंबरच्या सुमारास बहुतेक जण मागे पडतात. तेव्हा राहिलेली पुस्तकं पुन्हा समोर मांडा, राखीव दोन आत घ्या आणि दिवसाची पानं वाढवण्याऐवजी वाचायची वेळ बदलून पाहा. रात्री डोळे मिटत असतील तर सकाळच्या चहाबरोबर दहा पानं होतात. 31 डिसेंबरला जी उरतील ती नव्या यादीच्या अगदी वर लिहा, क्रमांक एक पासून.