लहान बाळांच्या आईबाबांनो, एकमेकांना मदत करताना या चुका टाळा

माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. तिथे कुणाची लेक बाळंतपणाला आली की बाळ तिच्या एकटीच्या वाट्याला यायचंच नाही. सकाळी शेजारच्या काकू न्हाऊ घालायच्या, दुपारी ते गॅलरीत कुणाच्या तरी मांडीवर झोपायचं, आणि पाजायची वेळ झाली की चार बिऱ्हाडं हिंडून शोधून आणावं लागायचं. माझी मुलगी झाली ती परळला, तेराव्या मजल्यावर, सेफ्टी डोअरच्या आत. समोरच्याच ब्लॉकमध्ये दोन महिन्यांचं बाळ आहे हे मला दीड महिना माहीत नव्हतं. कळलं ते सकाळी कचरेवाल्यासाठी दोन्ही दारांबाहेर ठेवलेल्या डायपरच्या पिशव्यांवरून.

त्या पिशव्यांपासून सुरुवात होऊन आम्ही पाच घरं एकत्र आलो. मग व्हॉट्सॲप ग्रुप, संध्याकाळी गच्चीवर चक्कर, एकमेकींकडे डबे. या मंडळींनी मला तारलं, आणि एक-दोनदा बुडवता बुडवता राहिली. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका आम्ही स्वतः केलेल्या आहेत.

‘मी अडीच एमएल दिलं, तूही दे’

ही सगळ्यात धोक्याची, म्हणून आधी हीच.

पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला असते. त्यानंतर अंग गरम होणं, मांडीला गाठ येणं, किरकिर हे नेहमीचं. आमच्यातल्या एका बाळाला सहा आठवड्यांची लस मिळाली, संध्याकाळी ताप आला. आईने ग्रुपवर विचारलं, पॅरासिटामॉल किती देता? चौदा आठवड्यांची लस घेऊन आलेल्या दुसऱ्या बाळाच्या आईने लगेच लिहिलं, ‘मी अडीच एमएल दिलं, छान झोपला.’

तिचं चुकलं नव्हतं. तिच्या डॉक्टरांनी तिला तेवढंच सांगितलं होतं. तिच्याकडे सिरप होतं, पाच एमएलमध्ये १२५ मिलिग्रॅमचं. म्हणजे अडीच एमएलमध्ये साधारण ६२ मिलिग्रॅम, सहा किलोच्या बाळाला योग्य. पण विचारणारीच्या हातात होते ड्रॉप्स, आणि बाळांचे ड्रॉप्स बहुतेक १०० मिलिग्रॅम प्रति एमएल असतात. तिथे अडीच एमएल म्हणजे २५० मिलिग्रॅम! डॉक्टर हे औषध वजनावर काढतात, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. तिच्या साडेचार किलोच्या बाळाला अर्धा एमएल पुरे होता. पाचपट गेलं असतं.

वाचलो ते ड्रॉपरमुळे. तो एक एमएलचाच होता. ‘मग अडीच वेळा भरायचा का गं?’ असं तिने विचारलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

तेव्हापासून ग्रुपवर एमएलचा आकडा लिहायचा नाही हा नियम आहे. औषधाचं नाव सारखं, खोका सारखा, चव सारखी, तरी बाटली वेगळी असू शकते. व्हिटॅमिन डीच्या थेंबांचंही तेच, एका एमएलमध्ये ४०० युनिटवाली बाटली मिळते तशी ८०० वालीही मिळते. कुणी विचारलंच तर उत्तर एकच: बाटलीचा फोटो काढ, बाळाचं आजचं वजन बघ, डॉक्टरांना फोन कर. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर ग्रुपवर विचारत बसण्याची ती वेळच नव्हे. त्या वेळी शेजारणीने करायचं काम म्हणजे खाली जाऊन टॅक्सी थांबवणं आणि मोठ्या मुलाला आपल्याकडे ठेवून घेणं.

‘काही लागलं तर सांग हं’

हे वाक्य मनापासून बोललं जातं आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही. तीन तास झोपलेल्या बाईला आपल्याला काय हवंय ते ठरवणं, मग कुणाला सांगायचं ते ठरवणं, मग संकोच गिळून सांगणं, एवढं जमत नाही. ती म्हणते, ‘नाही गं, सगळं ठीक आहे.’ आणि आपण सुटलो म्हणून आपल्या घरी.

त्याऐवजी दिवस आणि वेळ सांगा. ‘बुधवारी साडेअकराला येते, पाऊण तास बाळाला घेते, तू डोक्यावरून न्हाऊन घे.’ मला आजवर मिळालेली सर्वांत मोठी मदत हीच. भेट म्हणून आलेले बारा फ्रॉक आठवतही नाहीत.

डब्याचंही तसंच. बाळंतिणीकडे पेढे, बर्फी आणि केकचा सुकाळ असतो. दुपारी चार वाजता खायला पोळी-भाजी नसते. मुगाची खिचडी, मऊ भाकरी, पालेभाजी, आळिवाची खीर असं काही न्या. चमचा ठेवा, कारण ती एका हाताने जेवणार आहे. बेल वाजवू नका. डबा सेफ्टी डोअरला अडकवा आणि मेसेज टाका.

एक गोष्ट आमच्या लक्षात फार उशिरा आली. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, निदान चार दाणे साखर तरी घालायची. छान रीत आहे, पण मी बाळ कडेवर घेऊन रात्री अकरा वाजता शिरा भाजला होता, केवळ दोन डबे परत करायचे होते म्हणून. आता आमच्या पाच घरांत मूल सहा महिन्यांचं होईपर्यंत डबा रिकामाच परत जातो, आणि न घासलेला असला तरी चालतो. सासूबाईंना हे पचायला वेळ लागला.

दुधावरून बोलणं

‘पुरत नसेल दूध.’ तीन शब्द, आणि समोरची बाई रात्रभर रडते. पुरतंय की नाही याचा अंदाज बाळाच्या रडण्यावरून किंवा शेजारच्या गुबगुबीत बाळाकडे बघून येत नाही. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. पहिला आठवडा सरल्यावर चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं आणि सहा किंवा जास्त लंगोट ओले होणं, हे मोजा. संध्याकाळी तासातासाला मागणारं बाळ उपाशीच असतं असं नाही. लंगोट कमी भिजत असतील, बाळ मलूल असेल, वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांकडे जा.

उलट बाजूची चूकही आम्ही केली. एका आईला डॉक्टरांनीच वरचं दूध सुरू करायला सांगितलं होतं आणि आमच्यातल्या दोघींनी तिला स्तनपानावर प्रवचन झोडलं. ती पंधरा दिवस गच्चीवर आली नाही. बरोबरच केलं तिने.

उरलेला उघडा पावडरचा डबा दुसऱ्या घरी देऊ नका. तो कधी उघडला, ओला चमचा गेला का, काही सांगता येत नाही. स्वतःचं काढलेलं दूध मैत्रिणीच्या बाळाला देण्याचा विचारही एकीच्या मनात आला होता. भावना समजू शकते, पण दुधातून काही संसर्ग जाऊ शकतात. मुंबईत यासाठी नीट सोय फार पूर्वीपासून आहे: शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तिथे आयांची तपासणी होते, दूध पाश्चराइज होतं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गरजू नवजात बाळांना मिळतं. दूध जास्त येत असेल तर तिथे विचारा.

कामावर परतणाऱ्या आयांसाठी एक: काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं हा हिशेब २५ अंशांपर्यंतच्या खोलीचा आहे. मे महिन्यातली विरार लोकल म्हणजे ती खोली नव्हे. बर्फाची पिशवी न्या.

आजीशी भांडण

घुटी, मध, ग्राइप वॉटर, धुरी, मोहरीची उशी. यातल्या एकेका शब्दावरून घराघरांत महाभारत झालंय. वैद्यकीय बाजू थोडक्यात अशी: सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको (डॉक्टरांनी दिलेले थेंब वेगळे), मध एक वर्षापर्यंत अजिबात नको, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, झोपवायचं पाठीवर, उशीशिवाय, आणि बंद खिडक्यांच्या ब्लॉकमध्ये शेगडीचा धूर बाळाच्या फुप्फुसाला झेपत नाही.

चूक होते ती हे सांगण्याच्या पद्धतीत. ग्रुपवरचा मेसेज आजींपुढे धरून ‘बघा, काय लिहिलंय’ म्हटलं की त्या दिवसापासून सहाण कपाटामागे लपते आणि वेखंड आपल्या पाठीमागे उगाळलं जातं. आमच्याकडे दोन गोष्टींनी काम झालं. एक, लसीच्या दिवशी सासूबाईंना सोबत नेलं आणि मधाबद्दल डॉक्टरांना त्यांनाच विचारू दिलं. दुसरं, त्यांच्याकडे मालिश पूर्णपणे सोपवली. त्यांच्यासारखा हात मला अजून जमलेला नाही. संध्याकाळचं ते जीवघेणं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास टिपेला जातं आणि तीन-चार महिन्यांत बहुधा ओसरतं. त्या काळात खांद्यावर टाकून फेऱ्या मारणारा माणूस कुठल्याही बाटलीपेक्षा कामाचा, आणि आजींएवढ्या फेऱ्या कुणी मारत नाही.

बाबांना बाहेर ठेवणं

आमच्या ग्रुपचं पहिलं नाव होतं ‘तेरा ते सतराच्या आया’. बाबा मंडळी ८:१२ च्या फास्टने जायची आणि रात्री यायची, त्यांचा प्रश्नच नाही असं आम्ही ठरवून टाकलं होतं. मग पंधराव्या मजल्यावरच्या एकाची सुट्टी बुधवारी असते हे कळलं. पालिकेच्या लसीकरण केंद्रावर तो मुलाला एकटाच घेऊन गेला, तर रांगेतल्या चौघींनी विचारलं, ‘आई कुठंय?’ आज आमच्यात सगळ्यांच्या लसीच्या तारखा त्याला पाठ आहेत. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने पितृत्व रजा नाही, आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहे. एवढ्या फरकात त्याला आणखी वगळायचं काही कारण नाही. रात्रीची दोन ते पाचची पाळी बाबाने घेतली, निदान पाजून झाल्यावर ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं केलं, तरी आईला सलग झोपेचा एक तुकडा मिळतो.

‘होतं गं असं सगळ्यांनाच’

बाळंतपणानंतरचे पहिले दहा-पंधरा दिवस विनाकारण रडू येतं, हे खरं. दिलासा म्हणून ते सांगावंही. पण दोन आठवडे उलटल्यावरही तेच वाक्य पुढे करणं ही आमची दुसरी मोठी चूक.

एक मैत्रीण आठवडाभर ग्रुपवर फक्त अंगठा पाठवत होती. आम्हाला वाटलं, बिझी असेल. एका दुपारी मी झबली द्यायला गेले तर बाळ झोपलेलं आणि ती भिंतीकडे बघत बसलेली. म्हणाली, ‘हा झोपला तरी मला झोप येत नाही. मी चांगली आई नाहीये.’ माझ्या तोंडावर ‘होतं गं’ आलंच होतं. नशिबाने बाळ उठलं आणि ते वाक्य राहून गेलं.

बाळ झोपलेलं असतानाही झोप न येणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, जेवण सुटणं, सतत अपराधी वाटणं, हे दोन आठवड्यांपुढे चाललं तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर तिला एकटीला सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. आम्ही काय केलं? अपॉइंटमेंट तिच्या नवऱ्याने घेतली, बाळाला मी सांभाळलं, आणि समोरची शेजारीण तिच्यासोबत जाऊन बाहेर बाकावर बसून राहिली. तिला कुणी काही समजावलं नाही.

बारीकसारीक

सर्दी असताना भेटायला जाऊ नका, ‘लांबूनच बघते’ म्हणून कुणी लांब राहत नाही. वापरलेला पाळणा घेताना दोरी आणि कडी ओढून बघा. पावसाळ्यात लंगोट अर्धवट ओले राहतात आणि मग चट्टे उठतात. ज्याच्याकडे ड्रायर आहे त्याने तो आठवड्यातून दोनदा इतरांना वापरू द्यावा. दुसऱ्याच्या बाळाचा फोटो विचारल्याशिवाय स्टेटसला ठेवू नका. ‘अजून पालथा पडत नाही?’ हा प्रश्न विचारायचा असेल तर आधी जिभेला चावा घ्या.

आणि मूल चालायला लागलं म्हणून ग्रुपमधून गुपचूप निघून जाऊ नका. दहा दिवसांच्या बाळाच्या आईला बालरोगतज्ज्ञांशी बोलायचं असतं तेवढंच, वर्षभर पुढे असलेल्या आणि अजून जिवंत असलेल्या बाईशीही बोलायचं असतं. माझी मुलगी आता अडीच वर्षांची आहे, शाळेचे फॉर्म भरतोय. तिच्या झबल्यांची पिशवी सध्या सोळाव्या मजल्यावर आहे. काल रात्री तीनला तिथून मेसेज आला: ‘कुणी जागं आहे का?’ पंधराव्या मजल्यावरच्या बाबाने माझ्याआधी उत्तर दिलं होतं.